मेहनत, झेप आणि पट्टा : ‘माझा प्रवास’मधील एका वर्णनाच्या निमित्ताने

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचा अभ्यास करताना बहुतेक वाचक झाशीच्या वेढ्यापाशी थबकतात, आणि ते स्वाभाविकही आहे. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये शहरात प्रत्यक्ष हजर असलेल्या वरसईच्या एका भिक्षुकाने सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढलेली ती हकीकत मराठी गद्यात एकमेव म्हणावी अशी आहे. परंतु वेढ्याच्या आधी येणारे एक छोटे वर्णन आपण सहसा ओलांडून पुढे जातो. राणी लक्ष्मीबाई पहाटे उठून मल्लखांब करीत, मग घोडा मंडळावर धरीत, हत्तीवरून फेरफटका करीत, आणि मेहनतीनंतर खुराक घेत, असे गोडसे तेथे सांगतात. या मजकुराला वीरचरित्रातील ठरावीक गुणवर्णन समजून बाजूला ठेवण्याची आपली रीत आहे. अनुवाद करतानाही ‘कसरत’ किंवा ‘व्यायाम’ असा एखादा सर्वसमावेशक शब्द घालून मोकळे होण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाने वर्गात अनेक वर्षे हेच केले. ‘हा केवळ अलंकार समजा,’ असे विद्यार्थ्यांना सांगितलेलेही आठवते.

ते सांगणे चुकीचे होते, असे आता वाटते. ते का, हे उलगडून दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी साहित्याच्या अभ्यासकाला काहीशा अपरिचित असलेल्या विषयात, म्हणजे धावण्याचा वेग आणि उडीची क्षमता कशी वाढते या प्रश्नात, थोडे शिरावे लागेल. वाचकांनी हा आडमार्ग सहन करावा. तो अखेर मूळ ग्रंथाकडेच परत येतो.

या विचाराला निमित्त झाले ते बबीना येथे. झाशीहून ललितपूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे सुमारे पंचवीस किलोमीटर गेले, की बबीन्याची लष्करी छावणी आणि रणगाड्यांच्या व तोफांच्या सरावाचे विस्तीर्ण माळरान लागते. हिवाळ्यातील एका पहाटे रस्त्याच्या कडेने गावातील पोरे धावताना दिसली. सैन्यभरतीची तयारी चालली होती. भरतीच्या शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटरची धाव, बीमवरील पुल-अप आणि ९ फुटांचा खड्डा ओलांडणे यांचा समावेश असतो. पोरांनी शेताच्या कडेला तसा खड्डाच खणला होता. चहाच्या टपरीवर सातारकडचा एक जवान भेटला. मराठी ऐकून तो आपण होऊन बोलू लागला. शहरातील व्यायामशाळांतून आता ट्रेडमिल आली आहे, भरतीसाठी पोरे तिच्यावर पैसे खर्च करतात. त्याचा उपयोग होतो का, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘सर, पट्ट्यावर दम वाढतो. पण पट्टा आपल्याखाली पळतो, आपल्याला सुटावं लागत नाही.’’

‘दम’ आणि ‘सुटणे’ या दोन शब्दांत त्याने जे सांगितले, ते व्यायामशास्त्राच्या ग्रंथांत अनेक पृष्ठे घेते.

प्रथम धावेचे गणित पाहू. वेग म्हणजे एका टापेची लांबी गुणिले दर सेकंदाला पडणाऱ्या टापा. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनला १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले, ते ४१ टापांत. म्हणजे सरासरी एक टाप २.४४ मीटरची. सामान्य समजूत अशी, की वेगवान धावपटू आपले पाय हवेतून अधिक चपळाईने पुढे आणतो. पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या समजुतीला धक्का दिला. पाय हवेतून पुढे आणण्यास लागणारा वेळ वेगवान आणि मंद धावपटूंत फारसा वेगळा नसतो. वेगवान मनुष्य जमिनीवर अधिक बल देतो, आणि तेही अगदी थोड्या अवधीत. अत्युच्च वेगात पाऊल जमिनीवर टेकलेले असते ते सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट बल खाली द्यायचे असते. वेगाचा उगम म्हणून हवेत नाही, जमिनीवर आहे.

उडीचे गणित याहून सोपे आहे. पाय जमिनीवरून सुटताना शरीराला वरच्या दिशेने जो वेग मिळालेला असतो, त्यावर उंची ठरते. एकदा सुटल्यावर हवेत हातपाय मारून ती वाढत नाही. सेकंदाला अडीच मीटर वेगाने सुटणाऱ्याचे शरीर सुमारे ३२ सेंटिमीटर वर जाते, तीन मीटर वेगाने सुटणाऱ्याचे सुमारे ४६ सेंटिमीटर. सुटण्याच्या वेगात पाचवा हिस्सा भर पडली, तर उंची जवळजवळ दीडपट होते. बबीन्याच्या खड्ड्याला हेच लावून पाहावे. ९ फूट म्हणजे २.७४ मीटर. सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत येणाऱ्याला तो पार करण्यासाठी आपले शरीर सुमारे ३७ सेंटिमीटर वर उचलावे लागते. तोच ६ मीटर वेगाने आला तर सुमारे २६ सेंटिमीटर पुरतात. खड्ड्याच्या काठावर येऊन बिचकणारा, पाऊल आखडणारा मुलगा पडतो तो उडीत कमी असतो म्हणून नव्हे. धावेत कमी पडल्यामुळे त्याची उडी महाग होते. धाव आणि झेप या दोन वेगळ्या कला नाहीत. दोहोंचा प्रश्न एकच : थोड्या वेळात जमिनीला किती जोर देता येतो?

येथे ‘जोर’ हा शब्द आला, आणि आपण परिभाषेच्या प्रांतात आलो. मराठी तालमीने शरीराच्या गुणांसाठी तीन शब्द स्पष्टपणे वेगळे ठेवले आहेत : ताकद, दम आणि चपळाई. ताकद म्हणजे मोठा भार हलवण्याची क्षमता. दम म्हणजे तेच काम दीर्घकाळ करीत राहण्याची क्षमता. चपळाई म्हणजे हालचालीचा वेग. यांच्या जोडीला आपल्या बोलीत एक चौथा शब्द आहे : हिसका. कुस्तीत समोरच्याला हिसका दिला म्हणजे ताकद क्षणात लावली. आजचे शास्त्र ज्याला अल्पावधीत बल उभे करण्याची क्षमता म्हणते, ती हीच. अनेकांकडे ताकद असते, हिसका नसतो. असा मनुष्य जड पोते उचलतो, पण खड्डा पार करताना पडतो.

भाराच्या व्यायामाचे कार्य या चौकटीत समजून घेता येते. वजन खांद्यावर घेऊन बैठका मारणारा नवशिका पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने सुधारतो. त्याचे स्नायू तेवढ्यात फारसे वाढलेले नसतात. मज्जासंस्था अधिक स्नायुतंतूंना एकदम कामाला लावण्यास शिकते, ही खरी सुधारणा असते. स्नायूंची वाढ त्यामागून, महिन्यांच्या मेहनतीने येते. परंतु यासाठी एक अट आहे : भार क्रमाक्रमाने वाढला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन लष्करी डॉक्टर टॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या पायांवर हे तत्त्व पद्धतशीरपणे वापरले, आणि तेव्हापासून ते वैद्यकाच्या ग्रंथांत स्थिर झाले.

आपल्या तालमींना हे तत्त्व अगदीच अज्ञात होते, असे मात्र म्हणता येत नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातील मल्लविनोदात मल्लांच्या मेहनतीला ‘श्रम’ म्हटले आहे, आणि त्यात भारश्रम व स्तंभश्रम असे प्रकार आहेत. गळ्यात दगडी नाल घालून बैठका मारणे, मुद्गल आणि करेला फिरवणे, संथोळा उचलणे या गोष्टी भारश्रमाच्याच वंशातल्या. लेझमीचे उदाहरण तर बोलके आहे. आज शाळेच्या मैदानावर तालात खुळखुळणारी लेझीम मुळात लोखंडी साखळी लावलेले धनुष्य होती. ती ताणताना दंड आणि छाती यांना साखळीचा विरोध होई. भार हलका झाला, नाद उरला, आणि व्यायामाचे नृत्य झाले. शब्द तोच राहिला. त्यातून मेहनत केव्हा निघून गेली, हे कोशात सापडत नाही.

मात्र परंपरेच्या अभिमानाने एक मर्यादा झाकली जाऊ नये. हजार जोर आणि दोन हजार बैठका ही तालमीतील प्रतिष्ठेची मोजणी आहे. पण तोच भार हजार वेळा हलवला, तर त्यातून मुख्यतः दम वाढतो. ताकद वाढवायची तर भार जड हवा, वेळा थोड्या हव्यात, आणि दोन फेऱ्यांत काही मिनिटांची विश्रांती हवी. हिसका वाढवायचा तर याहूनही वेगळे काही हवे : उंचावरून उतरून लगेच उसळणे, एका पायावर उड्या, चढावर छोट्या पण पूर्ण वेगाच्या धावा. पाऊल टेकताच पोटरीची कंडरा ताणली जाते आणि ताणलेल्या धनुष्यासारखी ती शक्ती परत देते. मात्र मनुष्य जमिनीवर रेंगाळला तर ती वाया जाते. सोव्हिएत प्रशिक्षक यूरी व्हेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात या प्रकारच्या उड्यांची पद्धत बसवली. त्या उड्या कमी संख्येने, मऊ जमिनीवर आणि पायांत आधी पुरेशी ताकद आल्यावर माराव्यात, हा सावधगिरीचा नियम आजही सांगितला जातो. ताकदीशिवाय हिसका शोधणारा गुडघा आणि घोटा गमावून बसतो.

आता पट्ट्याकडे वळू. ट्रेडमिलचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाला विचारात पाडणारा आहे. विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ साली कैद्यांसाठी पायांनी फिरवायचे चाक योजले. कैद्याने तासन् तास पायऱ्या चढायच्या, आणि कोठेही पोहोचायचे नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ब्रिटनमध्ये ही शिक्षा बंद झाली. त्याच सुमारास अंदमानात मात्र तिचे एक भावंड जिवंत होते. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मधील कोलू ज्याने वाचला आहे, त्याला गोल फिरत राहण्याच्या श्रमाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आपल्या भाषेने तर तो फार पूर्वीच ‘घाण्याचा बैल’ या दोन शब्दांत सांगून ठेवला होता. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर हृदयाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी फिरता पट्टा उचलला, आणि तेथून तो व्यायामशाळेत आला. शिक्षेचे यंत्र आरोग्याचे झाले. हा अर्थबदल लेझमीच्या अगदी उलट दिशेचा आहे.

मग पट्ट्याचा उपयोग काय? एकसारख्या वेगाने धावत असता, पट्ट्यावरील धाव आणि जमिनीवरील धाव यांत पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मोठा भेद एकच : पट्ट्यावर समोरून वारा लागत नाही. त्याची भरपाई म्हणून पट्ट्याला एक टक्का चढ द्यावा, असे जोन्स आणि डाउस्ट यांनी १९९६ साली दाखवले, आणि लांब पल्ल्याच्या धावकांत तो संकेत रूढ झाला. चढ अधिक दिला तर मांडीच्या मागच्या आणि नितंबाच्या स्नायूंवर अधिक काम पडते. वेग ठरवून ठेवता येतो. बाहेर ऊन किंवा चिखल असला तरी खाडा पडत नाही. भरतीची १.६ किलोमीटरची धाव ही बहुतांशी दमाची धाव आहे. तिच्यासाठी पट्टा उपयोगी पडतो, हे त्या जवानाने मान्य केलेच होते. परंतु स्थिर उभ्या शरीराला ढकलून वेगात आणणे, म्हणजेच ‘सुटणे’, हे मोटारीने फिरणाऱ्या पट्ट्यावर घडत नाही. तेथे वेग आधीच तयार असतो आणि मनुष्य त्यात सामील होतो. पहिल्या वीस-तीस मीटरांची चाल सुधारायची असेल, तर जमिनीवर सुटावे लागते. मागे ओझे ओढत, चढावर किंवा मोकळ्या मैदानावर, आणि प्रत्येक धावेनंतर पूर्ण विश्रांती घेऊन. ताकदीचा भार, हिसक्याच्या उड्या आणि प्रत्यक्ष धाव ही तिन्ही एकत्र केली, तर कोणत्याही एकट्यापेक्षा अधिक गुण येतो, या निष्कर्षाकडे अभ्यासकांचा कल आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि दोन-तीन महिने एवढा धीर मात्र धरावा लागतो.

महाराष्ट्रातील दोन समकालीन उदाहरणे हे स्पष्ट करतील. बीड जिल्ह्यातून महार रेजिमेंटमध्ये गेलेल्या अविनाश साबळे याने २०२४ साली पॅरिसमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचे अंतर ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत कापले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. त्याच वर्षी तेजस शिरसे याने फिनलंडमध्ये ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १३.४१ सेकंदांत पूर्ण केली. दोघेही धावतात आणि दोघेही उड्या मारतात. पण एकाची मेहनत दुसऱ्याला लावली तर दोघांचेही नुकसान होईल. पहिल्याचे मुख्य भांडवल दम आहे, दुसऱ्याचे हिसका. शरीर ज्या कामाचा सराव करते त्याच कामात प्रामुख्याने सुधारते, हा व्यायामशास्त्रातील सर्वांत महत्त्वाचा नियम.

हा नियम हाती घेऊन आपण गोडसे यांच्या वर्णनाकडे परत येऊ. १८१८ साली, म्हणजे क्यूबिटने आपले चाक योजले त्याच वर्षी, दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि पुढे ब्रह्मावर्तास राहिला. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय परंपरा ज्या बाळंभटदादा देवधरांना देते, ते याच पेशव्याच्या आश्रयाचे. मराठीने ज्याला ‘पळपुटा’ म्हटले, त्याच्याच पदरी शरीरविद्येची ही शाखा बहरावी, हा इतिहासातील एक विरोधाभास म्हणावा लागेल. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका याच ब्रह्मावर्ताच्या वातावरणात वाढली आणि १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह होऊन झाशीस आली.

आता प्रश्न असा, की मल्लखांब कशाची तयारी करून देतो? तो धावेचा वेग वाढवत नाही. त्यात पाय जमिनीवर नसतातच. मांड्यांच्या आतल्या बाजूने खांबाला पकड घालणे, धड कोणत्याही कोनात तोलून धरणे, उलटे असतानाही दिशेचे भान ठेवणे, हातांची पकड न सोडणे, हे मल्लखांबाचे काम. आणि घोडेस्वाराला याच गोष्टी लागतात. लगाम सैल सोडून दोन्ही हातांनी शस्त्र चालवायचे, तर खाली मांड्यांचीच पकड उरते. गोडसे यांच्या वर्णनातील क्रम म्हणून अर्थपूर्ण आहे : आधी खांब, लगेच घोडा. पहिल्याने जे कमावले ते दुसऱ्यात ताबडतोब कामी लावायचे. मेहनतीनंतर खुराक, हाही त्याच व्यवस्थेचा भाग. त्या भिक्षुकाने गुणवर्णन केलेले नाही, दिनचर्या नोंदवली आहे. आणि ती अशा नेमकेपणाने, की जाणकाराला त्यातून त्या मेहनतीचा हेतू वाचता यावा.

याला दुसरी बाजू आहे ती दंतकथेची. झाशीच्या किल्ल्यावर आज प्रवाशांना एक जागा दाखवतात. मुलाला पाठीशी बांधून राणीने घोड्यासह जेथून उडी घेतली, ती ही जागा, असे सांगतात. लोकमानसाला झेप हवी असते. ज्या संस्कृतीत प्रत्येक तालमीत समुद्र लंघून गेलेला मारुती बसलेला आहे, तेथे ते समजण्यासारखे आहे. परंतु झेप ही एका क्षणाची गोष्ट आहे, आणि मेहनत ही हजारो पहाटांची. दंतकथा आपल्याला उडी देते आणि पहाट काढून घेते. उडी देवदत्त मानता येते, मल्लखांब मानता येत नाही; तो रोज उठून करावा लागतो. स्त्रीच्या पराक्रमाबाबत तर हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो. तिचा पराक्रम चमत्कारात जमा करून टाकणे सोपे असते, तिच्या शिक्षणाचा हिशेब ठेवणे अवघड. गोडसे यांनी तो ठेवला.

तुलनात्मक अभ्यासाला येथे बरेच काम आहे. अमृतलाल नागर यांनी ‘माझा प्रवास’ हिंदीत ‘आँखों देखा गदर’ या नावाने नेला. झाशीतच राहून लिहिणाऱ्या वृंदावनलाल वर्मा यांची कादंबरी १९४६ ची, महाश्वेता देवी यांचे बंगाली चरित्र १९५६ चे. या तिन्ही भाषांत राणीच्या मेहनतीसाठी कोणते शब्द योजले गेले, कोठे मल्लखांब टिकला आणि कोठे तो नुसता व्यायाम झाला, हे शब्दशः तपासून पाहण्याजोगे आहे. आपल्याकडे साधनांची वाण नाही. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेली ‘माझा प्रवास’ची संस्कारित आवृत्ती आहे, दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितानुसार काढलेली आवृत्ती आहे, आणि बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून दहा खंडांत सिद्ध केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ही आहे. साहित्याच्या संशोधकाने या कोशाची पाने चाळणे आपल्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे मानू नये.

परिभाषेसंबंधी एवढेच सुचवावेसे वाटते, की ट्रेडमिलला मराठीत ‘पट्टा’ म्हणणारा तो जवान आपल्या कोशकारांच्या पुढे होता. ‘प्रतिरोध प्रशिक्षण’ असा शब्द घडवून आपण भार, जोर, दम आणि हिसका या चार वेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधतो. ज्या भाषेत हे भेद आधीच आहेत, तिने ते पुसून टाकणारी परिभाषा स्वीकारणे हा तोट्याचा व्यवहार होय.

पुढच्या सत्रात ‘माझा प्रवास’ शिकवताना मल्लखांबाच्या ओळी ओलांडून मी पुढे जाणार नाही. बबीन्याच्या माळावरची ती पोरे आता खड्डा पार करीत असतील, किंवा त्यांतील काहीजण अजून काठावर बिचकत असतील. त्यांना झाशीच्या उडीची गोष्ट पाठ आहे. उडीच्या आधीच्या पहाटेची गोष्टही त्यांच्या जवळच्याच शहरात घडली होती, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.